साठावर काटा, बहात्तरवर गाडी

मी भिलाईचा. आमच्याकडे 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, त्या सुमाराला विदर्भातून जी मराठी माणसं पोलाद कारखान्यात आली, त्यांत माझे वडील होते. पुढे मीही तिथेच लागलो. काम गेजचं. काच तडकलेला गेज दिसला की तो उतरवायचा, दुरुस्त करायचा, मास्टर गेजशी ताडून बघायचा आणि मगच परत लावायचा. 30 वर्षं हेच केलं. आणि माझ्या स्वतःच्या मोटारसायकलवर तडकलेला मीटर दोन वर्षं तसाच! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गाडी राजदूत 350. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने 1983 मध्ये आणलेली, 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. पेट्रोल पाण्यासारखं पिते, पण गिअर टाकून मूठ पिळली की वय विसरायला होतं. समोर दोन गोल मीटर, एक वेगाचा आणि एक इंजिनाच्या फेऱ्यांचा. वेगाच्या मीटरची मूळ काच कधीच गेलेली, तिच्या जागी कुणीतरी ॲक्रिलिक बसवलेलं. तेच तडकलं.

का तडकलं? मीच तडकवलं. हातात पेट्रोलचं फडकं असलं की टाकीबरोबर मीटरही पुसून घ्यायचो. ॲक्रिलिक कडेने आवळून बसवलेलं असतं, म्हणजे आत ताण असतोच. त्यावर पेट्रोल लागलं की आधी केसासारख्या रेघा उठतात आणि मग एखाद्या मे महिन्यात, भिलाईच्या उन्हात, सरळ आरपार चीर. मीटर पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बाकी काही नको.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला, झटपट चिकटणारा ग्लू. सकाळी बघतो तर काचेच्या आतून पांढरी धुकट साय. त्या ग्लूची वाफ जवळपासच्या पृष्ठभागावर बसते आणि बंद डबीत ती जाणार कुठे? तोवर चिरेतून पावसाचं पाणीही आत गेलेलं होतं, तबकडीवर तपकिरी डाग. म्हणजे आता उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

माझ्या मीटरची पत्र्याची कडा मागे दुमडलेली होती. ती एकदम उचकटायची नाही. बोथट स्क्रूड्रायव्हरने थोडी थोडी, गोल फिरत, चार-पाच फेऱ्यांत उघडायची. घाई केली की पत्रा फाटतो. नवी काच नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून दोन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकची कापून घेतली. त्याने पैसे घेतले नाहीत, गाडीवर एक चक्कर मागितली. मीटरच्या तळाला एक बारीक छिद्र असतं, ते मात्र बुजवू नका. आतली वाफ तिथूनच बाहेर जाते.

इथपर्यंत ठीक. चूक पुढे झाली. डाग पुसायला मी काटा उपसला, आणि परत बसवताना तो शून्याच्या पिनच्या बराच खाली दाबला, मग उचलून पिनवर टेकवला. दिसायला शून्यावर. मुलगा म्हणाला, "बाबा, नवीन वाटतोय!" मलाही वाटलं.

आठवड्याने तो राजनांदगावहून रात्री आला आणि म्हणाला, "साठाच्या वर गेलो नाही, पण सगळ्यांना मागे टाकत होतो." माझ्या पोटात गोळा आला. मास्टर गेजशी न ताडता मी मीटर लावला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हायवेवर गेलो. मुलगा मागे, हातात स्टॉपवॉच. काटा 60 वर धरून किलोमीटरच्या दगडांवरून पाच किलोमीटर. पाच मिनिटं लागायला हवीत, लागली चार मिनिटं दहा सेकंद. म्हणजे वेग 72. काटा 40 वर धरला, साडेसात मिनिटांऐवजी पावणेसहाच्या आसपास. म्हणजे 52. दोन्हीकडे 12 चाच फरक.

हा हिशेब महत्त्वाचा. या मीटरमध्ये पुढच्या चाकाची केबल एक चुंबक फिरवते. त्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न टेकलेली. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ती ओढली जाते, केसासारखी स्प्रिंग तिला मागे धरते. चुंबक मंदावलं तर चूक वेगाबरोबर वाढत जाते. सगळीकडे सारखीच चूक असेल तर काटाच चुकीच्या जागी बसलेला असतो.

आणि 12 किलोमीटर म्हणजे किरकोळ नव्हे. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. साठाऐवजी 72 म्हणजे ब्रेक दाबल्यावर जवळजवळ दीडपट. त्यात आपल्याकडच्या राजदूतला पुढेही ड्रमब्रेक. पोरगा रात्री ट्रकच्या मागून येत होता.

पुन्हा कडा उघडली. काटा उपसण्याआधीच खरं तर तो पिनवरून उचलून मोकळा सोडायला हवा होता, आणि जिथे थांबतो तिथे कागदी टेपवर पेन्सिलीची खूण. ती खूण माझ्याकडे नव्हती, म्हणून काटा थोडा थोडा सरकवत तीन पहाटे हायवेवर गेल्या. ओडोमीटरच्या आकड्यांना मात्र हात लावला नाही. मीटर उघडल्यावर तो मोह होतो, विशेषतः गाडी विकायची असेल तर.

चौथ्या पहाटे काटा 60 वर, पाच किलोमीटरला पाच मिनिटं चार सेकंद. म्हणजे 59 च्या वर थोडं. मीटरने चुकायचंच असेल तर याच बाजूला चुकावं. मुलाने स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि म्हणाला, "बाबा, आता परत मी चालवतो." मी मागे बसलो. वाटभर त्याच्या खांद्यावरून काट्याकडे बघत होतो.