कामाची ओळख



जालन्यात कोणत्याही कारखान्याच्या मालकाजवळ, आडत दुकानाच्या शेठजींजवळ किंवा सरकारी कचेरीतील अंमलदाराजवळ घटकाभर बसले म्हणजे एक तक्रार हटकून कानी पडते, ती ही की, माणसे पूर्वीसारखी काम करीत नाहीत. कारखान्यांच्या कामगार-विभागांत माझे आयुष्य गेले, आणि ही तक्रार जितक्या वेळा ऐकली तितक्या वेळा मी एकच प्रतिप्रश्न केला आहे, की ज्याच्याविषयी आपण बोलता त्याचे काम काय, ते मला सांगाल का? उत्तरादाखल बहुधा हुद्दा सांगण्यात येतो : फिटर, कारकून, मुकादम. परंतु हुद्दा हे कामाचे नाव झाले, ते काम नव्हे. तो मनुष्य सकाळी आल्यापासून सुटीचा भोंगा होईपर्यंत हातांनी, डोळ्यांनी आणि बुद्धीने काय करतो, त्यातील कोणती कृती चुकली असता सारेच फुकट जाते, आणि त्याचा किती वेळ दुसऱ्याच्या सहीची किंवा मालाची वाट पाहण्यात जातो, हे सांगणारा धनी मला फार थोड्या ठिकाणी भेटला. ज्या कामाची आपल्याला ओळख नाही त्याची मोजणी मात्र आपण रोज करतो, आणि त्या मोजणीवरून माणसाची लायकी ठरवतो. हा अन्याय आहे, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते मोठे नुकसान आहे.

कामाची अशी ओळख करून घेण्याच्या शास्त्राला कार्यविश्लेषण म्हणतात, आणि ते परदेशातून आले असे आपण समजतो. शास्त्र म्हणून त्याची मांडणी तिकडे झाली हे खरेच. पण त्यामागील दृष्टी आपल्याला परकी नाही. याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे, आणि तेथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, हे आपण सर्व जाणता. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत ते एकसारखे राहावे, पानाच्या कडा जीर्ण झाल्या तरी मजकूर वाचावा म्हणून चहूंकडे जागा सोडावी, लेखण्या, शाई आणि कागद कोणते जमवावेत, असा सारा तपशील तेथे आला आहे. लेखकाने मन लावून लिहावे एवढा उपदेश करून समर्थ थांबले नाहीत. लिहिणे हे काम कोणकोणत्या कृतींचे बनले आहे आणि प्रत्येक कृती कशासाठी आहे, ते त्यांनी उलगडून दाखविले. कडेला जागा का सोडायची याचे कारण ज्या लेखकाला ठाऊक आहे त्याला ती सोडण्यासाठी पहारेकरी लागत नाही.

आता पद्धतींविषयी. काम पाहावे, करणाऱ्याला विचारावे, त्याच्याकडून रोजनिशी लिहवून घ्यावी, प्रश्नावली भरून घ्यावी, आणि शक्य असेल तेथे स्वतः करून पाहावे. यांपैकी प्रश्नावली सर्वांत स्वस्त, म्हणून कारखान्यांना सर्वांत प्रिय. पण आपल्या औद्योगिक वसाहतीतील भट्टीवरचा मनुष्य पुष्कळदा बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, आणि इंग्रजी तक्ता त्याच्यापुढे ठेवला म्हणजे तो शेजारच्याचे पाहून खुणा करतो. जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत मला अशा ठिकाणी फार उपयोगी वाटली. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या अभ्यासातून ती निघाली. ‘तुझे काम काय’ असे न विचारता, काम विशेष चांगले झाले किंवा बिघडले तो प्रसंग सांग, त्या वेळी तू नेमके काय केलेस ते सांग, असे तीत विचारतात. अक्षरशत्रू मनुष्यही प्रसंग सांगू शकतो, आणि उत्तम सांगतो.

पण मला अधिक वेळ द्यायचा आहे तो आपल्या बियाण्याच्या प्लॉटला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि संकरित बियाणे हा या भूमीचा धंदा झाला. सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी सिद्ध केलेला कपाशीचा पहिला व्यापारी संकर १९७० साली बाहेर आला. त्यानंतर कपाशीच्या संकरित बियाण्याचे उत्पादन ज्या कृतीवर उभे राहिले ती कृती मुख्यतः बायामाणसांच्या बोटांनी होते. आपण तिला क्रॉसिंग म्हणतो. दुपारनंतर मादी ओळींतून हिंडून दुसऱ्या दिवशी उमलणारी नेमकी कळी ओळखायची. अंगठ्याचे नख तिच्या बुडाशी रुतवून पाकळ्या आणि त्यांना चिकटलेली पुंकेसरांची नळी अलगद फिरवून काढायची. आतला कोवळा बीजकोश आणि वर आलेला स्त्रीकेसर यांना ओरखडाही लागू द्यायचा नाही. परागकोशाचा एक दाणासुद्धा मागे ठेवायचा नाही. खूण म्हणून तांबड्या कागदाचा तुकडा लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलातील पराग त्या स्त्रीकेसराला लावायचा. नजरचुकीने राहिलेली कळी सकाळी उमललेली दिसली तर ती तोडून टाकायची. हे सारे दिवसाला शेकडो वेळा, ओल्या काळ्या रानात उभ्याने.

अशा एका प्लॉटवर मी मजुरांच्या कामाचा तक्ता करण्यासाठी गेलो होतो. कामाची वेळ, कळ्यांची संख्या, विश्रांती असे रकाने मी आखून नेले होते. दोन दिवस बांधावर उभे राहून पाहिले, पण एका मावशींच्या ओळीत बोंडे चांगली का धरतात आणि शेजारच्या ओळीत का गळतात, हे मला समजले नाही. तेव्हा त्यांच्या शेजारी उभा राहून मी स्वतः कळ्या सोलू लागलो. माझी पहिली कळी बीजकोशासकट हातात आली. मावशींनी माझा अंगठा पाहिला आणि त्या म्हणाल्या, “साहेब, नख लई वाढलं तर आतली बोंडी फुटती, अन् पार काढून टाकलं तर पाकळी निघत नाई. आधी नख बघा तुमचं.” माझ्या तक्त्यात नखाला रकाना नव्हता. निरीक्षणाने जे दोन दिवसांत सापडले नाही ते स्वतः करून पाहण्याने आणि विचारण्याने एका क्षणात सापडले. त्या दिवसापासून केवळ निरीक्षणावर लिहिलेले कामाचे वर्णन मी पुरे मानीत नाही.

दुसऱ्या एका प्लॉटवर मालकाने उत्पादकता वाढवावी या हेतूने रोजंदारी बंद करून शेकडा कळ्यांवर मजुरी ठरविली. कळ्यांचा आकडा वाढला, मुकादम खूष झाला; परंतु घाईत परागकोश मागे राहू लागले, मादीचे फूल स्वतःच्याच परागाने फळले, आणि बियाणे शुद्धतेच्या कसोटीत नापास झाले. कपाशीच्या संकरित बियाण्याची आनुवंशिक शुद्धता किमान ९० टक्के असावी लागते. ती न भरली तर हंगामभराची मेहनत सरकी म्हणून विकावी लागते. येथे मजुरांचा दोष कोणता? ज्या कामाचा प्राण स्वच्छतेत होता त्याची किंमत संख्येत लावली गेली. या कामाचे पृथक्करण आधी झाले असते तर मजुरीचा दर वेगळा बांधला गेला असता.

लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये चूक वेगळी होते. लाल तापलेली सळई चिमट्याने धरून पुढच्या रोलमध्ये देणारे लोक थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलतात, आणि नवा व्यवस्थापक आला की त्याच्या डोळ्यांत प्रथम बाकावर बसलेली माणसे भरतात. अशांना मी फ्रेडरिक टेलरची गोष्ट सांगतो. अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९ साली ९२ पौंडी बिडाचे ठोकळे उचलणाऱ्याची दिवसाची मजल साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचा दावा टेलरने केला. त्या हकिकतीवर पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, आणि टेलरची कामगारांविषयीची भाषा मला कधीच रुचली नाही. पण अशा जड कामात दिवसाचा ५७ टक्के वेळ मनुष्याच्या हातात ओझे असता कामा नये, हा निष्कर्ष त्यानेच लिहून ठेवला आहे. भट्टीपुढची विश्रांती हा कामाचाच भाग आहे. ती कापणारा व्यवस्थापक उत्पादन वाढवीत नाही, अपघात जवळ आणतो.

वडीलधाऱ्या मंडळींना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर मराठवाड्यातील घरेच्या घरे राबत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, आणि त्या योजनेच्या दरपत्रकात एक न्याय्य तत्त्व होते : माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे, माती किती लांब आणि किती उंच वाहायची त्याप्रमाणे दर वेगळा, जेणेकरून मन लावून काम करणाऱ्याला कठीण जमिनीतही दिवसाची किमान मजुरी पडावी. मोजमापात पुढे गैरप्रकार झाले असतील, पण तत्त्व खोटे नव्हते. खडकात खोदणारा हात आणि मातीत खोदणारा हात एका फुटपट्टीने मोजू नये, हे या राज्याने कायद्याच्या आधाराने मान्य केले, याचा मला अभिमान वाटतो.

कचेऱ्यांतही कामाचे असे पृथक्करण होऊ शकते. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या कार्यालयाच्या दप्तराची आणि कामाच्या वाटणीची जी फेररचना केली ती लखिना पॅटर्न म्हणून महाराष्ट्रभर माहीत झाली. कारकुनाच्या मेजावरचा कागद चालू आहे, प्रतीक्षेत आहे, जपून ठेवायचा आहे की नष्ट करायचा आहे, हे ठरल्याशिवाय त्या कारकुनाला मंद म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या सभागृहात कारखानदार आहेत, अधिकारी आहेत, बियाण्याचे प्लॉट घेणारे शेतकरी आहेत. माझी आपणा सर्वांना विनंती आहे की, येत्या आठवड्यात आपल्या हाताखालच्या एका माणसाजवळ एक पाळीभर बसा, त्याच्या कामाची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि जमेल तेवढे ते काम स्वतःच्या हातांनी करून पाहा. त्या दिवशी त्याचे काम नेहमीपेक्षा कमी होईल. त्याबद्दल त्याची मजुरी कापू नका.