घडणारी वस्तू आणि पाहणारा कॅमेरा

(नाशिक येथे भरलेल्या वस्तुरचनाकार व छायाचित्रकारांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



वस्तू घडवणारे आणि वस्तूंची छायाचित्रे काढणारे एका मांडवाखाली बसले, याचा मला मनापासून आनंद आहे. एरवी या दोघांची गाठ पडते ती वस्तू तयार झाल्यावर. रचनाकाराचे काम आटोपलेले असते, वस्तू खोक्यातून स्टुडिओत येते, पांढऱ्या कागदावर उभी राहते, दोन तासांत फोटो होतात आणि ती पुन्हा खोक्यात जाते. माझे आजचे सगळे म्हणणे या सवयीविरुद्ध आहे. कॅमेरा वस्तूच्या घडणीपासून तिच्यासोबत हवा. ती कशी घडते, कोणाच्या हातात जाते, कुठे झिजते, हे त्याने पाहिले, तरच त्या छायाचित्रातून दुसऱ्या रचनाकाराला काही मिळते. प्रेरणेच्या शोधात आपण मोबाइलवर रात्र-रात्र परदेशी खुर्च्या आणि दिवे पाहत बसतो. जरूर पाहावेत. पण त्यातल्या बहुतेक खुर्च्यांवर कधी कोणी बसलेले दिसत नाही, आणि त्यामुळे त्या किती चांगल्या आहेत हे आपल्याला कळतच नाही.

हे नाशिकमध्ये बोलायला मला विशेष बळ येते. दादासाहेब फाळके इथल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. चित्रपटाकडे वळण्याआधी ते छायाचित्रकार होते, छपाईचे ठसे करणारे होते, छापखानदार होते. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा राजा-राणीची गोष्ट चित्रित केली नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फीत. ती पाहिल्यावरच भांडवल देणाऱ्यांना या माणसाच्या हातात काय आहे ते उमगले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातल्या अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला भोके पाडत, ती धूत. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्याच वर्षी फाळके नाशिकला आले, आणि पुढे १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी फीतही काढली. यशाच्या शिखरावर असलेला माणूस पडद्यामागचे काम लोकांपुढे उघडे करतो, कारण त्याला घडण्यातच सौंदर्य दिसते. आजच्या आपल्या विषयाचा पाया मला तिथे दिसतो.

आता याच नाशिकचे दुसरे नाव घेतो. डॉ. रमेश रासकर. नाशिकमध्ये वाढले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कॅमेऱ्यावर संशोधन करू लागले. २०११ मध्ये त्यांच्या गटाने सेकंदाला एक लाख कोटी चौकटींच्या तोडीचे चित्रण करून दाखवले. एका प्लास्टिकच्या बाटलीतून लेसरचा झोत जातो आणि तो आत सरकताना आपल्याला दिसतो. प्रकाशाला ती बाटली ओलांडायला सेकंदाचा अब्जावा भाग पुरतो. कॅमेरा मात्र एका वेळी एकच रेघ टिपतो, म्हणून तोच झोत पुन:पुन्हा सोडून, रेघेला रेघ जोडून ती फीत तयार करायला तासभर लागतो. फाळक्यांनी फार सावकाश घडणारे डोळ्यांच्या वेगात आणले, रासकरांनी फार वेगात घडणारे डोळ्यांना झेपेल इतके सावकाश केले. दोघांच्या मध्ये शंभर वर्षे आहेत, आणि दोघांनी कॅमेऱ्याला एकच काम सांगितले: जे घडताना दिसत नाही ते दाखव. रासकरांच्याच गटाने मोबाइलच्या पडद्यावर लावायची, चष्म्याचा नंबर काढणारी छोटी जोडणी तयार केली. प्रकाशाचा अभ्यास आणि हातात मावणारी उपयोगी वस्तू, दोन्ही एकाच गटातून आली.

आपल्या देशात आधुनिक वस्तुरचनेच्या शिक्षणाची सुरुवात एका लोट्यापासून झाली असे मी मानतो. सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दांपत्य भारतात हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली. ईम्स स्वतः खुर्च्या करणारे, फोटो काढणारे, फिल्म करणारे. त्यांनी इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत लोट्याला सर्वांत वरचे स्थान दिले आणि त्याच्याबद्दल प्रश्नांची माळच लावली. पाणी किती आणायचे, कोणी आणायचे, कडेवर की डोक्यावर, भरल्यावर तोल कुठे जातो आणि रिकामा झाल्यावर कुठे, ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो का, गरम पाणी भरले तर चटका बसतो का. पुढे १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक रचना केंद्र सुरू झाले. जर्मनीतल्या उल्म इथे शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णींनी ते उभे केले. तिथून निघालेल्या पिढ्यांनी आपल्या घरातली, रस्त्यावरची किती रूपे बदलली ते तुम्ही जाणता. नाशिकच्या कारखान्यातून २०२० मध्ये बाहेर पडलेली नवी थार गाडी ज्यांच्या नेतृत्वाखाली रेखली गेली, त्या रामकृपा अनंतन याच केंद्राच्या.

लोट्याकडे परत येतो, कारण तो इथून हाकेच्या अंतरावर आहे. तांबट लेन आणि भांडी बाजार. १८८३ च्या सरकारी गॅझेटियरनेही नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची दखल घेतली. गंगेवर, म्हणजे इथल्या गोदावरीवर, येणारा यात्रेकरू जाताना तांब्याच्या गडूत तीर्थ घेऊन जातो, आणि तो गडू सगळ्या प्रवासात कुठेही गळता कामा नये, याहून कठोर परीक्षा कोणत्या वस्तूची होत असेल? तांबट पत्रा तापवतो, मऊ करतो, ठोकतो, पुन्हा तापवतो. शेवटी मठारतो, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठसे सबंध अंगावर उठवतो. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. खरे तर त्या ठोक्यांनी तांबे कडक होते आणि पातळ पत्रा पोचे पडण्यापासून वाचतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे हेच मठारकाम आता नव्या आकारांच्या भांड्यांवर दिसते, दुकानांत आणि घरांत मानाने मांडले जाते.

ज्यांनी मठारलेल्या तांब्याचा फोटो काढून पाहिला आहे, त्यांना त्यातला त्रास ठाऊक आहे. प्रत्येक ठसा म्हणजे एक छोटा आरसा. उघडा दिवा लावलात तर शंभर दिवे दिसतात, शिवाय तुमचा ट्रायपॉड आणि तुमचा सदराही. उघड्या धातूच्या चकाकीपुढे भिंगावर चढवलेला नुसता पोलरायझर फारसा चालत नाही. मग मोठ्या पांढऱ्या कापडातून गाळलेला उजेड घ्यावा लागतो, कडा उठाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना काळे कार्ड उभे करावे लागते, आणि तांब्याचा लालसरपणा कॅमेऱ्याने पिवळा करू नये म्हणून रंगाचा तोल हाताने सांभाळावा लागतो. माझा अनुभव असा की तांबटाशेजारी बसून त्याचा हातोडा कोणत्या कोनात पडतो ते पाहिले, की प्रकाश कुठून आणायचा हे आपोआप कळते. तो ज्या खिडकीकडे तोंड करून बसतो, ती ठसे नीट दिसावेत म्हणूनच त्याने निवडलेली असते.

ऑनलाइन बाजाराने पांढऱ्या पार्श्वभूमीचा नियम घातला. व्यवहाराला तो सोयीचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेवढेच छायाचित्र मागे राहिले तर लोटा केवढा, कोणी धरायचा, कुठला, हे काहीच उरत नाही. लहान मुलाच्या हातातला लोटा दाखवा, माप आपोआप कळेल.

आणि ज्या वस्तू कधीच विक्रीच्या पानावर येत नाहीत त्यांचे काय? लासलगाव, निफाडच्या रस्त्याने जाताना दिसणारी, कांदा साठवण्याची कांदाचाळ मी उत्तम रचनेचा नमुना मानतो. तळ जमिनीपासून उचललेला, खालून आणि बाजूंनी हवा खेळती, रुंदी चारेक फुटांच्या आतबाहेर ठेवलेली, कारण ढिगाच्या पोटात हवा पोचली नाही की कांदा सडतो. निर्यातीच्या द्राक्षांची पेटी घ्या. गारवा आत शिरावा म्हणून भोके, घड दबू नयेत म्हणून पनेट म्हणजे छोटे डबे, बुरशी रोखायला हळूहळू वायू सोडणारा कागद, आणि हे सगळे अशा वजनात की बाई दिवसभर पेट्या उचलू शकेल. या रचनांची छायाचित्रे कोणत्याही देखण्या पुस्तकात मला सापडत नाहीत. हे काम आपले आहे.

विक्रीच्या पानावर न येणाऱ्या अशा वस्तू गर्दीलाही लागतात. २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. पुढच्या, २०१५ च्या सिंहस्थाआधी रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ‘कुंभथॉन’ची शिबिरे भरवली. त्यात इथल्या शाळकरी, महाविद्यालयीन मुलांनी पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी चटई तयार केली आणि ती कुंभात प्रत्यक्ष अंथरली. ती चटई दिसायला अगदी साधी आहे. तिचे महत्त्व तिच्यावरून पावले जाताना टिपलेल्या छायाचित्रातच समजते. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. तात्पुरते पूल, पाण्याच्या टाक्या, दिशाफलक, हरवलेल्या मुलांच्या मनगटावरच्या पट्ट्या, हे सगळे कोणीतरी रचणार आहे आणि मेळा संपताच ते मोडून टाकले जाणार आहे.

म्हणून माझी संमेलनाला विनंती आहे. इथल्या प्रत्येक छायाचित्रकाराने वर्षभरासाठी एक रचनाकार किंवा एक कारागीर निवडावा आणि एक वस्तू पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या वापरापर्यंत टिपावी. सोबत माप, धातू किंवा लाकूड, जागा आणि तारीख लिहावी. या छायाचित्रांची आणि नोंदींची एक प्रत १८४० पासून या शहराला वाचायला शिकवणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाने ठेवून घ्यावी, असा प्रस्ताव आपण आजच त्यांच्याकडे पाठवू या. आणि वस्तू घडवणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय आणि त्याचे नाव खाली छापल्याशिवाय त्या वस्तूचे छायाचित्र आपल्यापैकी कोणीही प्रसिद्ध करू नये.