देवांचें बिऱ्हाड



पुण्याच्या जुन्या पेठांतून सकाळच्या वेळीं हिंडणाऱ्याला हल्लीं एक देखावा वरचेवर दिसतो. वाड्याच्या दिंडीदरवाज्यापुढें टेंपो उभा असतो; त्यांत गाद्यांच्या वळकट्या, पितळी पिंप, शिवणयंत्र आणि पुठ्ठ्याचीं खोकीं एकावर एक चढत असतात. १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला आणि वाड्यांचीं भाडीं जागच्या जागीं थिजलीं. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकऱ्याला जागा सोडवेना. या ओढाताणींत सागवानी खांब आणि मातीच्या भिंती मात्र म्हाताऱ्या झाल्या. आतां तेथें उंच इमारती उठत आहेत आणि माणसें आपापलीं बिऱ्हाडें उचलून निघालीं आहेत. नव्या घरांच्या चटईक्षेत्राविषयीं आणि वाहनतळाविषयीं बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. तो माझा विषय नव्हे. सामान बांधतां बांधतां शेवटीं जो प्रश्न प्रत्येक घरांत निघतो, आणि ज्याचें उत्तर कोणत्याहि करारनाम्यांत लिहिलेलें नसतें, त्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. तो प्रश्न असा, कीं देवांचें काय करावयाचें?

आमच्या घरींहि सध्यां हीच धांदल चालू आहे, तेव्हां हें बोलणें केवळ ऐकीव नव्हे. घराची आवराआवर माळ्यापासून सुरू होते. माळ्यावरून काय निघालें नाहीं? पाळण्याच्या कड्या निघाल्या, घंगाळ निघालें, पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब निघाला, तीस-चाळीस वर्षांचीं पंचांगें निघालीं, आणि मीं कधीं काळीं तपासलेल्या निबंधाच्या वह्यांचा एक गठ्ठाहि निघाला. यांतील प्रत्येक वस्तूविषयीं घरांत मतभेद होतो; पण भंगारवाला दारांत येऊन वजनकांटा काढतो, तेव्हां तो बहुधा आपोआप मिटतो. जातें तेवढें कठीण गेलें. तें फिरविणारे हात कधींच गेले, दळण गिरणींत जाऊं लागल्यालाहि दोन पिढ्या झाल्या. तरी लग्नापूर्वीं मुहूर्ताची हळद त्यावर दळावयाची, एवढ्यासाठीं तें राहिलें होतें. अखेर कोणा हौशी गृहस्थानें तें बागेंत मांडावयास नेलें. देव्हाऱ्यापाशीं मात्र वजनकांटा चालत नाहीं. तेथें आलें कीं बोलकीं माणसेंहि गप्प होतात.

आमचा देव्हारा म्हणजे भिंतींतील एक देवळी. निरांजनाच्या काजळीनें तिचें छत काळेंभोर झालेलें. तींत कोण कोण आहेत तें सांगतों. बहुतेक जुन्या घरांत थोड्याफार फरकानें हीच मंडळी सांपडेल. कुलदैवतांचे रुप्याचे टाक, रांगता बाळकृष्ण, हातांत पळी घेऊन बसलेली अन्नपूर्णा, शंख, घंटा आणि पंचायतन. पंचायतनांतील पांच देव म्हणजे पांच दगड, आणि ते पांच ठिकाणांहून यावे असा संकेत आहे. विष्णूचा शाळिग्राम नेपाळांतील गंडकीचा, शिवाचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीचा, देवीचा खडा सुवर्णमुखीचा आणि सूर्याचा स्फटिक तंजावरजवळच्या वल्लमचा. शाळिग्राम तर मुळांत समुद्रांतील एका कवचधारी प्राण्याचा दगड झालेला अवशेष. हिमालय वर उठण्यापूर्वीं त्या जागीं समुद्र होता, त्या काळचा, १४ कोटि वर्षांहून जुना. समुद्रांतून पर्वतावर, पर्वतावरून नदींत, नदींतून कोणा यात्रेकरूच्या झोळींत आणि झोळींतून आमच्या देवळींत, असा त्याचा प्रवास झालेला आहे. आतां कोथरूडपर्यंत जावयाचें म्हणून तो अस्वस्थ होईल, असें मानण्यास मला कांहीं आधार दिसत नाहीं.

शास्त्रानेंहि हें ध्यानांत घेतलेलें दिसतें. शाळिग्रामाला आणि बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाहीं. आवाहन नाहीं, विसर्जन नाहीं. घरांतील मूर्ति अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत असावी, त्याहून मोठी नसावी, असें मत्स्यपुराणांत सांगितलें आहे. पुष्कळांस हा नियम मर्यादेचा वाटतो; मला तो सोयीचा वाटतो. देवळांतील देव अचल, घरांतील देव चल. पेराएवढा देव तांब्यांत मावतो आणि पदरांतहि मावतो.

हें मी अलंकारानें बोलत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. माझी आई तेव्हां वाड्यांत नुकती रुळलेली सून होती आणि मी वर्षाचा होतों. आजोबा ओरडून सांगत होते, कागदपत्रांची पेटी घ्या. आईनें मला कडेवर घेतलें, देव तांब्यांत घातले, तांब्याचें तोंड फडक्यानें बांधलें आणि पर्वतीच्या बाजूचा उंच भाग गांठला. पेटी वाहून गेली. वाडा तगला, चिखल उपसून माणसें पुन्हां तेथेंच राहूं लागलीं. आई ही हकीगत सांगते, तेव्हां तिच्या बोलण्यांत पराक्रमाचा सूर मुळींच नसतो. ती एवढेंच म्हणते, कीं शंख तेवढा राहिला. मोठा होता, तांब्यांत मावेना. हल्लींचा शंख नंतरचा आहे.

कोणी म्हणेल, घरचे देव लहान, म्हणून हें जमतें. पण देवळांतील अचल देवांनाहि बिऱ्हाड हलवावें लागलें आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज सत्तेनें गोव्यांत देवळें पाडण्याचा सपाटा लाविला, तेव्हां १५६० सालीं कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनीं जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालांतील प्रियोळास नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. नदीपलीकडचा तो मुलूख त्या वेळीं पोर्तुगीजांच्या हातीं नव्हता. देऊळ कांहीं पाठीवर घेतां येत नाहीं. तें मागें राहिलें आणि पडलें. म्हाळसेच्या लोकांनीं मात्र आणखी एक वस्तु बरोबर नेली, ती म्हणजे नांव. म्हार्दोळ हें वेर्ण्यांतील तिच्या मूळ जागेचें नांव. तेंच नव्या जागेला लागलें आणि मूळ जागा जुनें म्हार्दोळ म्हणून ओळखली जाऊं लागली. आमच्याकडेहि वाडा पाडून उठविलेल्या इमारतीला वाड्याचेंच नांव देतात. फक्त त्याच्या शेपटाला एखादा इंग्रजी शब्द चिकटवितात. असो.

तेव्हां देव हलतात, याविषयीं वाद नाहीं. अडचण निराळीच आहे. हललेले देव कोणत्या घरीं जावयाचे?

वाड्यांत आम्ही दोघे भाऊ आजवर एका चुलीवर जेवलों. नवीं घरें मात्र दोन आहेत. माझें कोथरूडांत, धाकट्याचें सिंहगड रस्त्यावर. धर्मशास्त्रकारांनीं या बाबतींत मोठी व्यवहारी खूण सांगून ठेविली आहे. एका पाकावर जेवणाऱ्यांची देवपूजा एक; विभक्त झाले, कीं ती घरोघर निराळी. म्हणजे कुटुंब एक कीं दोन, हें जमिनीच्या उताऱ्यावरून ठरत नाहीं, स्वयंपाकघरावरून ठरतें. ज्या दिवशीं दोन ओट्यांवर दोन कुकर चढतील, त्या दिवशीं आमचे देव्हारेहि दोन होतील. इमारतीच्या कागदांवर आम्हां दोघांच्या सह्या एका बैठकींत झाल्या. पण हें एवढें वाक्य एकमेकांपुढें उच्चारावयास दोघांनाहि पंधरा दिवस लागले. शिवाय देव कोणाकडे, या प्रश्नाच्या पोटांत आणखी एक प्रश्न होता, आणि तो तर कोणी तोंडांतून काढीतच नव्हतें. आई कोणाकडे?

पुष्कळ घरांतून रिवाज असा, कीं मूळ देव वडील भावाकडे राहतात आणि धाकटा नवे टाक घडवून घेतो. धाकटा तसें म्हणालाहि, "दादा, देव तुझ्याकडे. मी नवे करून घेतों." वडील गेल्यापासून आज चाळीस वर्षें ही पूजा माझ्या हातून होत आहे, तेव्हां रिवाजहि माझ्या बाजूचा होता आणि संवयहि. परंतु माझ्या घरीं आम्ही दोघेंच. मुलगा बंगळूरला नोकरीस. धाकट्याकडे मुलगा, सून आणि दोन नातवंडें. मी चार दिवस अंथरुणाला खिळलों, तर देवांवर पाणी कोण घालणार? हा विचार माझ्या मनांत आला होता, माझ्या पत्नीच्या मनांत आला होता आणि धाकट्याच्याहि मनांत आला असावा; पण बोलणार कोण?

बोलली ती आई. वय पंच्याऐंशींच्या पुढें, ऐकूं कमी येतें. पण घरांत काय बोललें जात नाहीं, तें तिला बरोबर ऐकूं येतें. एके संध्याकाळीं तिनें नातसुनेला, म्हणजे धाकट्याच्या सुनेला, जवळ बोलाविलें. ती मुलगी बँकेंत काम करते. सकाळीं साडेआठाला घर सोडते.

"तुला सकाळीं देवांपुरता किती वेळ निघेल?" आईनें विचारलें.

"आजी, दहा मिनिटं. त्याहून जास्त नाहीं व्हायचं."

"मलाहि तेवढाच मिळायचा," आई म्हणाली. "अकरा माणसांचा स्वयंपाक असे."

मग माझ्याकडे वळून तिनें निकाल दिला. "देव हिच्याकडे जातील. त्यांच्याबरोबर मी जाईन. तूं नवे टाक कर."

पूजा आमच्याकडे पुरुष करीत. गंध उगाळणें, उपकरणीं घासणें, फुलें निवडणें आणि नैवेद्य वेळेवर सिद्ध करणें हीं कामें बायकांचीं. मग पूजा कोणाची म्हणावयाची, हें आमच्या घरीं आजवर कोणी विचारलें नव्हतें. आईनेंहि विचारलें नाहीं. तिनें हिशेब तेवढा मांडला. मला वाईट वाटलें, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. माझ्या पत्नीला माझ्याहून अधिक वाटलें, देवांपेक्षां सासूबाईंसाठीं. त्या रात्रीं ती एवढेंच म्हणाली, "अहो, बेचाळीस वर्षं पहिला चहा मी त्यांना दिला." यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

नवे टाक सोनाराकडून आले आहेत. निघावयाच्या दिवसापर्यंत जुने आणि नवे एकाच ताम्हनांत बसवावयाचे, असें आईनें सांगितलें आहे. जुन्यांचे चेहरे हात लागून लागून झिजलेले, नाकडोळे ओळखूनच घ्यावयाचे. नव्यांच्या कडा अजून बोटांना टोंचतात. अभिषेकाचें पाणी दोहोंवरून एकत्र ओघळतें.

नव्या घरांच्या तयारीविषयींहि सांगितलें पाहिजे, कारण तेथें श्रद्धेची आणि नकाशाची गांठ पडते. देवघर ईशान्येस असावें म्हणतात. माझ्या घराचा नकाशा पसरून ईशान्य कोपरा शोधला, तर तेथें न्हाणीघर निघालें. शीतपेटीला जागा आंखलेली आहे, कपडे धुण्याच्या यंत्राला आहे, देवाला नाहीं. शेवटीं स्वयंपाकघरांतील पूर्वेची एक फळी पत्नीनें मुक्रर केली आणि सुताराला माप दिलें. वास्तुशांतींत वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यांत खड्डा करून पुरावयाची असते. तिसऱ्या मजल्यावर खड्डा खणला, तर आमचा वास्तुपुरुष खालच्या बिऱ्हाडाच्या पंख्यावर बसेल. भटजींना ही अडचण नवी नाहीं. ओट्याखालीं कोपऱ्यांतील एक फरशी उचलून तिच्याखालीं चपटी प्रतिमा ठेवावयाची, असा तोडगा त्यांनीं तत्काळ सांगितला. दूध उतूं घालण्यास मात्र कोणतीच अडचण नाहीं. तें कोणत्याहि मजल्यावर उतूं जातें. चौकांतलें विटांचें तुळशीवृंदावन तसेंच राहणार. मंजिऱ्या खुडून त्यांचें बीं कागदाच्या दोन पुड्यांत बांधलें आहे, आणि पायथ्याची ओंजळ-ओंजळ माती दोन कुंड्यांत घातली आहे.

राहिल्या त्या अन्नपूर्णा. मघाशीं मीं एकच सांगितली; वास्तविक देवळींत तीन आहेत. आमच्याकडे मुलगी सासरीं निघतांना तिच्याबरोबर माहेरची अन्नपूर्णा देतात. आईची एक, माझ्या पत्नीची एक, भावजयीची एक. एका देव्हाऱ्यांत तीन असाव्यात कीं नाहींत, यावर मतें असतील. आमच्याकडे तीन सुना आल्या, म्हणून त्या तीन झाल्या. परवां वांटणीसाठीं त्या पाटावर मांडल्या. आईनें आपली तत्क्षणीं उचलली. तिच्या पळीचा दांडा वांकलेला आहे, आणि तो कोणत्या साली व कोणाच्या हातून वांकला हेंहि तिला ठाऊक आहे. उरलेल्या दोन सारख्याच. सारख्याच मापाच्या, चिंचेनें घासून घासून सारख्याच गुळगुळीत झालेल्या. माझ्या पत्नीनें एक तळहातावर घेऊन जोखून पाहिली, भावजयीनें दुसरी पाहिली, मग दोघींनीं अदलाबदल करून पाहिली. दोघींनाहि आपली ओळखतां येईना. भावजय म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही आधीं घ्या." पत्नी म्हणाली, "तूं घे." असें दोन-तीन वेळां झाल्यावर दोघीहि हंसूं लागल्या, आणि हंसतां हंसतां माझ्या पत्नीनें डोळ्यांना पदर लाविला. शेवटीं दोघींनीं डोळे मिटून एकेक उचलली. त्या आतां कापसांत गुंडाळून कुंकवाच्या दोन लाकडी करंड्यांत ठेविल्या आहेत. करंडेहि सारखेच असल्यामुळें, कोणता कोथरूडचा आणि कोणता सिंहगड रस्त्याचा, हें मीं झांकणांवर खडूनें लिहून ठेविलें आहे.