ओढणे आणि आवरणे

बंगळूरहून कोलारकडे निघालेल्या प्रवाशाला शहराची गर्दी मागे पडली असे वाटू लागते न लागते तोच होसकोटे येते. मराठ्यांच्या इतिहासात या गावाचे नाव अपरिचित नाही. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत हा मुलूख होता, आणि १७६८ साली गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्रीचा छापा घातला तो याच गावाजवळ. आज मात्र होसकोटे ओळखले जाते ते मालाच्या कोठारांमुळे आणि रस्त्यांमुळे. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करीत बंगळुरास येणारा आणि पुढे मद्रासेस जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ याच गावावरून जात असे. आता त्या मार्गाचे क्रमांक बदलले आहेत, आणि चेन्नईकडे जाणाऱ्या नव्या द्रुतगती मार्गाचा आरंभही होसकोट्यापासूनच झाला आहे. १९९८ सालापासून व्होल्वो कंपनीच्या अवजड मालमोटारी येथील कारखान्यात तयार होतात. मालमोटारीने आपल्यामागे किती ओझे ओढावे, हा प्रश्न विचारावयास याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. पुढच्या गाडीचे इंजिन जितके बलवान तितके मागच्या ट्रेलरवर ओझे अधिक, असे कोणीही सांगेल. लांबच्या फेरीवर नव्याने आलेला एखादा क्लीनर आपल्या चालकाला हेच विचारतो, "उस्ताद, दोन टन जास्त भरले म्हणून काय झाले? गाडी तर ओढते की!" आणि ज्याचे केस याच रस्त्यावर पिकले आहेत असा चालक त्याला उत्तर देतो, "ओढते रे पोरा. पण थांबते का, ते खंबाटकी उतरताना विचार." या उत्तरात विषयाचे सारे मर्म आले आहे. ट्रेलरचे ओझे ठरवावयाचे ते गाडी किती ओढू शकते यावरून नव्हे, तर ती किती आवरू शकते यावरून.

प्रथम ओढण्याचा हिशेब पाहू. सपाट डांबरी रस्त्यावर भरलेली गाडी एकसारख्या मंद वेगाने चालत ठेवावयास फारसे बळ लागत नाही. चाकांच्या फिरण्याला होणारा विरोध एकूण वजनाच्या शेकडा एक टक्क्याहूनही कमी असतो. साडेपंचेचाळीस टनांची गाडी असली तरी तीनशे-साडेतीनशे किलो वजनाइतकी ओढ पुरते. पण वीस मीटर चालीत एक मीटर चढ आला की त्याच गाडीला आणखी सव्वादोन टनांची ओढ लागते. म्हणजे सपाटीवर जे काम होते त्याच्या आठपट काम एकाएकी पुढ्यात येते. तरीही चढ हा प्रामाणिक असतो. ओझे अधिक झाले तर गाडी मंदावते, इंजिन तापते, मागचे लोक भोंगे वाजवितात. चालकाला आपली चूक वेळीच कळते आणि तिची किंमत बहुधा इंधनात व वेळात चुकती होते.

उतार तसा नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सपाटीवर एकदा थांबविली, तर तिच्या गतीतील सर्व शक्तीची उष्णता होऊन ती ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. ड्रम तापतात व पुन्हा निवतात. आता हीच गाडी वीसात एक अशा उतारावर तीन किलोमीटर खाली आणावयाची आहे असे समजा. ती दीडशे मीटर उंचीवरून खाली येते. वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर वाटेत जी शक्ती जिरवावी लागते ती एकदा थांबविण्याच्या आठ-नऊ पट भरते, आणि ड्रमना निवावयास मध्ये उसंत मिळत नाही. अति तापलेला ड्रम प्रसरण पावतो व लायनरपासून दूर सरतो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. चालक पाय दाबतो, पण गाडी ऐकत नाही. ब्रेक निकामी झाले असे नंतर म्हटले जाते. वस्तुतः पुष्कळदा ते निकामी झालेले नसतात. त्यांच्या शक्तीबाहेरचे काम त्यांना सांगितलेले असते.

म्हणून जाणता चालक ब्रेकवर सारा भार टाकीत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच तो खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाकडूनच गाडी आवरून धरतो. इंधन वाचविण्याच्या लोभाने गिअर काढून उतारावर गाडी मोकळी सोडणे म्हणजे आवरणाऱ्या दोन हातांपैकी एक आपणच कापून टाकणे होय. होसकोट्याहून पूर्वेस मोगिलीचा घाट उतरणाऱ्यास हे जितके लागू, तितकेच पश्चिमेस पुण्याकडे येणाऱ्यासही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांच्या परिचयाचा आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी त्या उतारावर एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. त्या वाहनांत बसलेल्या कोणाचाही त्या गाडीच्या ओझ्याशी वा तिच्या ब्रेकशी संबंध नव्हता. अवजड गाडीचा हिशेब हा केवळ तिच्या मालकाचा खाजगी हिशेब नसतो, हे अशा वेळी उमगते.

आता ओझे नेमके किती, ते ठरवावयाचे कसे? त्यासाठी चार-पाच वेगवेगळ्या मर्यादा पाहाव्या लागतात. पहिली मर्यादा कारखानदाराची. पुढची गाडी, ट्रेलर व माल मिळून एकूण किती वजन चालेल, हे तो नेमून देतो. दुसरी मर्यादा कायद्याची. केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये ॲक्सलवरील वजनाच्या मर्यादा वाढविल्या. त्यांनुसार दोन टायरांच्या पुढच्या ॲक्सलवर ७ टन, चार टायरांच्या एकेरी ॲक्सलवर साडेअकरा टन, जोड ॲक्सलवर २१ टन आणि ट्रेलरच्या तिहेरी ॲक्सलवर २७ टन वजन चालते. पुढची गाडी दोन ॲक्सलांची आणि ट्रेलर तीन ॲक्सलांचा असला तर ७, साडेअकरा व २७ मिळून साडेपंचेचाळीस टन होतात. पुढच्या गाडीस मागे जोड ॲक्सल असली तर बेरीज ५५ टनांवर जाते, आणि अशा जोडगाड्यांची कमाल मर्यादाही तीच आहे.

ही बेरीज मालाची नव्हे, हे ध्यानात ठेविले पाहिजे. साडेपंचेचाळीस टनांतून पुढच्या रिकाम्या गाडीचे, समजा, साडेसात टन आणि रिकाम्या ट्रेलरचे आठ टन वजा केले, की मालाला तीस टनच उरतात. त्यातूनही इंधन व माणसे यांचे वजन जाते. कोठारातील मुनीम जेव्हा "पंचेचाळीस टनांची गाडी" असे म्हणतो, तेव्हा हा फरक त्याच्या बोलण्यात हरवतो आणि चुकीचा आरंभ तेथेच होतो.

एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे काम भागले, असेही नाही. ते कोठे पडले आहे हेही पाहावे लागते. बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवावे लागत नाही. ओझे मागे गेले की गाडीला उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते; ओझे पुढे आले की तेच जू मानेवर रुतते. ट्रेलरचे पुढचे टोक किंगपिनच्या आधारे पुढच्या गाडीवर टेकलेले असते. माल फार पुढे रचला तर साडेअकरा टनांच्या ॲक्सलवर तेरा-चौदा टन पडतात, मग एकूण काटा बरोबर असला तरी टायर फुटण्याचे भय राहते. माल फार मागे रचला तर ओढणाऱ्या चाकांवर पुरेसा दाब पडत नाही आणि ओल्या रस्त्यावर ती घसरतात. म्हणून वजनकाट्यावर सबंध गाडीचे एकच वजन न घेता एकेका ॲक्सलसंचाचे वजन पाहून घ्यावे.

शेवटची मर्यादा ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकची. पुढच्या गाडीतून ट्रेलरला हवेच्या दोन नळ्या जातात. एकीतून हवेचा पुरवठा होतो, दुसरीतून ब्रेक लावण्याचा हुकूम पोचतो. पुरवठ्याची नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत अशी योजना असते. पण त्यांची जुळणी बिघडलेली असली तर सारा भार पुढच्या गाडीवर येतो. ती थांबू पाहते, ट्रेलर थांबत नाही, आणि तो मागून रेटून पुढच्या गाडीला आडवी करतो. पूर्वी बैलांच्या जोड्या लावून तोफा घाटावर चढवीत, आणि घाट उतरताना माणसे मागून दोर धरून त्या तोलून खाली आणीत. चढताना जनावरे पुढे आणि उतरताना माणसे मागे, हा त्या काळचा नियम ट्रेलरच्या ब्रेकने आजही पाळला पाहिजे.

या सर्व मर्यादांपैकी जी सर्वांत लहान भरेल तीच खरी. कायदा ५५ टन म्हणो. कारखानदाराने ४० सांगितले असतील तर ४०. कारखानदाराने ४० सांगितले असोत. ट्रेलरचे टायर तेवढे पेलणारे नसतील तर त्याहून कमी. नाकापेक्षा मोती जड झाला तर दोष मोत्याला देऊन उपयोग नाही. पुढील काळात गाड्या अधिकच लांब होणार आहेत. २०२५ साली नागपुरास व्होल्वोने एका गाडीमागे दोन ट्रेलर जोडलेली गाडी पुढे आणली, ती समृद्धी महामार्गाने नागपूर व भिवंडी यांच्यामध्ये चालविण्यासाठी. इगतपुरीकडून कोकणात उतरताना तिलाही हाच हिशेब सोडविला पाहिजे.

राहता राहिला चालक. अधिक ओझ्याची चिठ्ठी त्याच्या हाती पडते तेव्हा ती नाकारणे त्याला सोपे नसते. फेरी जाण्याची, नोकरी जाण्याची भीती असते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाबद्दल २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवून घ्यावा लागतो तो निराळाच. त्याच कायद्याच्या ११३ व्या कलमात एक गोष्ट सांगितली आहे ती थोड्यांना ठाऊक असते. चालक हा मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने वा हुकमाने झाला असे न्यायालयास गृहीत धरता येते. उतारावर जी चूक एकट्या चालकाच्या पायाखाली येते, तिची जबाबदारी माल भरण्याच्या जागेपर्यंत जाऊन पोचते, हे कायद्याने ओळखले आहे.

तेव्हा होसकोट्याच्या काट्यावरून गाडी पुढे काढण्यापूर्वी चालकाने, आणि त्याहूनही आधी त्याच्या मालकाने, स्वतःला विचारावयाचा प्रश्न एवढाच: ही गाडी वाटेतील सर्वांत अवघड उतारावर भर पावसात थांबवावी लागली, तर थांबेल काय? उत्तर देताना मन जरासे जरी कचरले, तरी दोन टन खाली उतरवावेत. ते दोन टन दुसऱ्या फेरीला जातील.