अंतऱ्यातलं नाव



परवा एका मैफलीत एका तरुण गायकानं जोगकंस गायला. तयार गळा, लागलेला सूर. जगन्नाथबुवा पुरोहितांची बंदिश त्यानं मन लावून मांडली. टाळ्या ओसरल्यावर निवेदक म्हणाले, ‘ही होती एक पारंपरिक रचना.’ मला फार वाईट वाटलं. जोगकंस हा रागच बुवांनी बांधलेला. बुवा गेले १९६८ साली. राम मराठे, माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी हे त्यांचे शिष्य आपण समोर बसून ऐकले. इतक्यात बुवांची ‘परंपरा’ झाली?

खरं तर ख्यालाचा रचनाकार सही करून जातो. तिला मुद्रा म्हणतात. बुवांची मुद्रा ‘गुणीदास’, फैयाजखाँसाहेबांची ‘प्रेमपिया’, रामाश्रेय झांची ‘रामरंग’. ही सही बहुतेक वेळा बंदिशीच्या दुसऱ्या भागात, अंतऱ्यात असते, आणि घोडं तिथंच पेंड खातं. बडा ख्याल सुरू होतो, मुखडा धरून तासभर बढत होते, बोलताना होतात, ताना होतात आणि अंतऱ्याला स्पर्शही न करता गायक द्रुत सुरू करतो. अंतरा गिळला की नावही गिळलं जातं. पुढच्या शिष्याच्या वहीत उतरतो तो नुसता पहिला भाग, स्थायी.

याची दुसरी बाजूही आहे. मोहम्मदशहा रंगील्याच्या दरबारातले बीनकार न्यामतखाँ म्हणजे ‘सदारंग’. या नावाला इतकं वजन आलं, की पुढं इतरांनीही आपल्या बंदिशींत ‘सदारंग’ गुंफलं. त्यांनी ते आदरानं केलं असेल, पण आपलं नाव मात्र कायमचं पुसून घेतलं. म्हणून नुसती मुद्रा ऐकून निकाल देता येत नाही. शब्दांची ठेवण, रागाचं चलन, निरनिराळ्या घराण्यांतले पाठ, सगळं ताडून पाहावं लागतं.

नाट्यसंगीतातही तेच. ‘स्वयंवर’ १९१६चं. त्यातल्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, पण लोक सर्रास म्हणतात, ‘बालगंधर्वांची चाल.’ गंधर्वांचं गाणं थोर होतंच. म्हणून त्यांच्या गुरूंचं, भास्करबुवांचं, श्रेय शिष्याच्या खात्यावर मांडायचं का?

गायक मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे : अंतरा म्हणा, आणि रचनाकाराचं नाव ठाऊक असेल तर बंदिशीआधी सांगा. आणि श्रोतेहो, मैफल संपल्यावर गायकाला भेटायला जाल, तेव्हा ‘छान झालं’ म्हणून परतू नका. ‘बंदिश कुणाची?’ एवढं जरूर विचारा.