अंगठी, मुद्राचिन्ह आणि रोजनिशी

महाराष्ट्रात ‘जादू’ हा शब्द कानी पडताच करणी, भानामती आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आठवतो, त्यामुळे विषय जाहीर होताच सभागृहात उठलेली कुजबुज स्वाभाविक आहे. मात्र हा कायदा आवश्यकच आहे असे मानून केलेल्या या विवेचनाचा विषय दुसऱ्यावर चालवायची जादू नसून, साधकाने स्वतःच्या मनावर करावयाचा प्रयोग आहे. लंडनमध्ये १८८८ साली निघालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्तविद्या मंडळाचा इतिहास, त्यातील दीक्षा आणि पुढची फाटाफूट श्रोत्यांना परिचित आहे असे धरून चालता येईल. याच परंपरेत घडलेल्या डायन फॉर्च्यून यांनी इच्छेनुसार जाणिवेत बदल घडवण्याची कला अशा अर्थाने जादूची व्याख्या केली, आणि ती स्वीकारली की प्रश्न भुताखेतांचा न राहता सवयींचा होतो. या सवयी मंत्राने वा कांडीने मोडत नाहीत, त्या रोजनिशीने मोडतात, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

चित्रकार ऑस्टिन ऑस्मन स्पेअर (१८८६–१९५६) यांनी १९१३च्या ‘द बुक ऑफ प्लेझर’ या ग्रंथात ‘सिजिल’ची, म्हणजे इच्छेपासून घडवलेल्या मुद्राचिन्हाची, पद्धत सांगितली. इच्छा एका वाक्यात लिहायची (वाघाचे बळ मिळावे, हे त्यांनीच दिलेले उदाहरण), त्यातील अक्षरे एकमेकांत अशी गुंफायची की एकाची उभी रेघ दुसऱ्याच्याही कामी यावी, आणि वाक्य ओळखू येणार नाही अशी आकृती उरली की ती मनात ठसवून मूळ इच्छा विसरून जायची. जागे मन इच्छेला शंकांनी पोखरते, म्हणून ती नेणिवेत, म्हणजे जाणिवेच्या उंबरठ्याखालच्या मनात, नकळत उतरवावी, असा यामागचा तर्क आहे. तर्क सुंदर असला तरी विसरलेल्या इच्छेचा हिशेब राहत नाही, फळलेली तेवढी आठवते आणि न फळलेली हरवते.

अ‍ॅलिस्टर क्रोली या गुप्तविद्या-साधकांनी १९१० साली छापलेल्या ‘लिबर जुगोरम’मध्ये उलट वाट घेतली. अंगठी एका बोटातून दुसऱ्या बोटात घातली की साधकाने वेगळ्या स्वभावाचा माणूस व्हायचे, किंवा ठरावीक काळ ‘मी’ हा शब्दच उच्चारायचा नाही, असे हे नेम आहेत. चुकल्यास स्वतःला इजा करून घेण्याची त्यांची आज्ञा निखालस त्याज्य आहे, तिचे समर्थन कोणत्याही साधनेच्या नावाने होऊ शकत नाही. परंतु रोजची प्रगती लिहून ठेवावी ही त्याच ग्रंथातील दुसरी आज्ञा मोलाची आहे, कारण आज ‘मी’ किती वेळा निसटला हे वहीत उतरले की अहंकार ही मोजता येणारी सवय ठरते.

नव्या ओळखीचा प्रश्न निघाला की कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्याकडे वळणे भाग पडते. १८९० मध्ये गोल्डन डॉनची दीक्षा घेतल्यावर त्यांनी ‘दैत्य म्हणजे उलटा झालेला देव’ अशा अर्थाचे लॅटिन नाव धारण केले, आणि आपल्या स्वभावाच्या विरुद्ध असा मुखवटा निवडून तो जगत राहावे, हा विचार पुढे आयुष्यभर जोपासला. या कवीचा उत्तरायुष्यातील सहकारी विदर्भातील बडनेऱ्याचा होता, हे मराठी श्रोत्यांनी विसरू नये. शंकर गजानन पुरोहित हे संन्यासानंतर श्री पुरोहित स्वामी झाले, आपले गुरू भगवान श्री हंस यांच्या कैलास-मानसयात्रेचे मराठी वर्णन त्यांनी इंग्रजीत आणले, १९३४ साली त्याला येट्स यांनी प्रस्तावना लिहिली, आणि दोघांनी मिळून केलेला दहा उपनिषदांचा अनुवाद १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाने दीक्षेचे नाव घेतले होते, दुसऱ्याने संन्यासाचे, आणि दोघांचेही नवे नाव वर्षानुवर्षांच्या कामाने खरे ठरले. हा धागा आणखी उलगडण्याजोगा आहे, परंतु घंटा वाजली असल्याने तो येथेच सोडावा लागतो.

गोल्डन डॉनच्याच परंपरेतील लेखक इस्रायल रेगार्डी यांचे विवेचनही त्यामुळे एका वाक्यात आटोपावे लागते: साधनेपूर्वी मनोविश्लेषकाकडून स्वतःचे मन तपासून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो आजही योग्य आहे. अंगठी आणि मुद्राचिन्ह ज्यांना रुचणार नाही त्यांनी ती खुशाल बाजूला ठेवावीत. मात्र बदलू पाहणारी एकच सवय निवडून, निजण्यापूर्वी तारीख घालून तिची नोंद करावी, आणि चुकलेला दिवसही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावा, एवढी विनंती सर्व श्रोत्यांना आहे.