मूल कधी हे बाईनं ठरवायचं, साधन पाड्यावर आलं पाहिजे

(खापर येथे संघटनेच्या बैठकीत झालेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे, फक्त थोडे आटोपते घेतले आहे.)



सकाळपासून आपण दाव्यांवर बोललो. कुणाचा दावा उपविभागीय समितीत अडकलाय, कुणाची जमीन मोजणीत कमी भरली, कुणाचं नाव अजून सातबाऱ्यावर चढलं नाही. आता मला दिलेला विषय ऐकून दोन-तीन काका तंबाखू चोळत उठले. काका, बसा. विषय असा आहे की पोरं कधी व्हावीत, किती व्हावीत, आणि नको असताना दिवस जाऊ नयेत म्हणून सरकारी दवाखान्यात फुकट काय मिळतं. हा एकट्या बायांचा विषय नाही. पोर एकट्या बाईला होत नाही.

जमिनीच्या संघटनेत हे कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलंय की लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघाला पाहिजे. आपण त्यासाठी भांडलो. पण ज्या बाईचं नाव पट्ट्यावर लागलं तिला, बाई, तुला आता मूल पाहिजे का, हे कोण विचारतं? सासू ठरवते, नवरा ठरवतो, नाहीतर दवाखान्याचं टार्गेट ठरवतं. देज दिलं म्हणजे पोट विकत घेतलं असं होत नाही. देज हा दोन घरांचा मान आहे. अंग बाईचं आहे, ते तिचंच राहतं.

आता आपल्यात एक गोष्ट नेहमी बोलली जाते, ती मी लपवणार नाही. म्हणतात, सरकारला आदिवासी कमी करायचे आहेत, म्हणून हे ऑपरेशनचं काढलंय. हा संशय उगाच आलेला नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली, आणि त्यात गरिबांना धरून-बांधून नेलं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करण्याचं बिल पास केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणि हे फार जुनंच आहे असंही नाही. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं उरकली. त्यात दहापेक्षा जास्त बाया मेल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि टार्गेट लावू नका.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजूपण ऐका. तिकडेच बैगा आदिवासी आहेत. १९७९ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं हुकूम काढला की बैगा आणि त्यांच्यासारख्या जमातींची संख्या कमी होतेय, म्हणून त्यांची नसबंदी करायची नाही. ऐकायला बरं वाटतं, आदिवासींना वाचवलं. पण झालं काय? बाईला पाच-सहा पोरं झाली, अंगात रक्त राहिलं नाही, ती दवाखान्यात गेली तर म्हणे, तू बैगा आहेस, तुझं होत नाही. शेवटी बैगा माणसं आणि बाया स्वतः छत्तीसगडच्या हायकोर्टात गेल्या. २०१८ साली कोर्टानं तो हुकूम रद्द केला.

म्हणजे एका ठिकाणी जबरदस्तीनं केलं, दुसऱ्या ठिकाणी मागूनही दिलं नाही. दोन्हीकडे ठरवलं सरकारनं, आणि भोगलं बाईनं. आपली मागणी ह्या दोन्हीपेक्षा वेगळी आहे. सक्ती नको, आणि साधन पाहिजे.

ही मागणी आजची नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा लोकांनी त्यांना शिव्या दिल्या. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी ठराव मांडला की सरकारनं लोकांना ही साधनं पुरवावीत. आपलं खानदेश तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होतं. तो ठराव पडला. पण गरिबाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे तेव्हाच मागितलं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता काय काय मिळतं ते सांगते. आपल्या बऱ्याच बायांना वाटतं कुटुंब नियोजन म्हणजे ऑपरेशन. तसं नाही.

निरोध आहे, तो पुरुषानं वापरायचा. आजारापासूनपण तो एकटाच वाचवतो. माला-एन गोळी आहे, ती रोज घ्यायची. छाया गोळी आहे, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. पोर अंगावर पीत असेल तरी छाया चालते. अंतरा नावाचं इंजेक्शन आहे, तीन महिन्यांतून एकदा. त्यानं पाळी मागेपुढे होते, कधी बंद होते. त्याला घाबरून अर्ध्या बाया सोडून देतात, पण त्यानं रक्त आत साचत नाही. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर लगेच दिवस राहत नाहीत, काही महिने लागतात, हे आधीच माहीत पाहिजे. तांबी आहे, कॉपर-टी. एक पाच वर्षांची, एक दहा वर्षांची. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते, आणि पाहिजे तेव्हा काढता येते. पहिले काही महिने पाळीला रक्त जास्त जाऊ शकतं. म्हणून ज्यांना रक्त कमी आहे, सिकलसेल आहे, त्यांनी आधी सांगायचं आणि विचारून साधन निवडायचं.

हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आशाताई घरी आणून देते तेव्हा निरोधच्या पाकिटाला किंवा गोळ्यांच्या पाकिटाला एक रुपया घेते, तेवढंच. आणि नवऱ्याची सही आणा असं कुणी म्हणालं तर विचारा, कुठल्या नियमात आहे? सरकारच्या नियमात नसबंदीलासुद्धा नवऱ्याची संमती लागत नाही.

कागदावर एवढं आहे. मग पाड्यावर का पोचत नाही? डोंगराळ आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असं ठरलेलं आहे. पण ३,००० माणसं म्हणजे आपल्याकडे किती पाडे, किती नाले, किती चढ! आमच्या भागातल्या एका उपकेंद्रात मी तीन बायांना घेऊन गेले होते. दोन तास चालून गेलो. कुलूप होतं. दुसऱ्या वेळी सिस्टर होती तर इंजेक्शन संपलेलं. तिसऱ्या वेळी त्या तिघींतली एकच आली. तिसऱ्यांदा मजुरी कोण बुडवणार? मग रिपोर्टात लिहितात, आदिवासी महिलांचा प्रतिसाद नाही.

सगळ्यात मोठी अडचण आपल्या हंगामाची आहे. दिवाळी झाली की अर्धं गाव गुजरातला ऊसतोडीला जातं, ते होळीला परत येतं. चार-पाच महिने पडावावर. तिथं आशाताई नाही, ओळखीची सिस्टर नाही. माझ्या ओळखीची एक बाई एका महिन्याची गोळ्यांची पाकीट घेऊन गेली. संपल्यावर कुठं मागायचं कळलं नाही, मुकादमाला सांगायची लाज. होळीला आली तेव्हा आधीचं पोर आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं, आणि पोटात तीन महिन्यांचं दुसरं. अशी बाई मोळी उचलते. पुढं तिचं पोर कमी वजनाचं झालं की आपण कुपोषणाचा मोर्चा काढतो. मोर्चा काढायलाच पाहिजे. पण दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचं साधन त्या बाईला ऑक्टोबरमध्येच मिळालं पाहिजे होतं. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं तरी पुन्हा दिवस जाऊ नयेत, असं डॉक्टर लोक सांगतात.

वरून शिक्षा आपल्यालाच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. साधन पोचवायचं नाही आणि तिसरं पोर झालं की सदस्यपद काढायचं, हा कुठला न्याय? किती बाया ह्यात बाहेर पडल्या असतील, ज्यांना ते तिसरं नकोच होतं!

आता दादा लोकांना दोन शब्द. पुरुष नसबंदी बायांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, पोट फाडावं लागत नाही. त्यानं ताकद जात नाही, पुरुषपण जात नाही, माणूस तसाच डोंगर चढतो. फक्त नंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं. तरी ऑपरेशनला बाईच पुढं ढकलली जाते. आणि निरोध खिशात ठेवायला लाज वाटते, पण बायकोला झोळीत घालून रात्री डोंगर उतरवताना चार जणांना हाक मारावी लागते, तेव्हा लाज कुठं जाते?

आणखी एक. नको असताना दिवस गेले तर जडीबुटीनं किंवा काडी घालून पाडायला जाऊ नका. त्यात बाया मरतात. गर्भपात १९७१ पासून कायद्यात बसतो. २०२१ पासून साधन फसलं हे कारण लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतो, पण जितकं लवकर जाल तितकं सोपं. आणि संबंध झाल्यावर ७२ तासांत घ्यायची गोळीपण आशाताईकडे असते. ती कधीमधीसाठी आहे, नेहमीसाठी नाही.

आता करायचं काय? ग्रामसभेत चार ठराव घ्यायचे.

एक, उपकेंद्रात कुठलं साधन किती शिल्लक आहे ते दर महिन्याला फळ्यावर लिहायचं, बाहेरून दिसेल असं.

दोन, दिवाळीआधी प्रत्येक पाड्यावर आरोग्याचा एक दिवस. तोडीला जाणाऱ्या बाईला तांबी, इंजेक्शन, गोळ्या काय पाहिजे ते विचारून द्यायचं, गोळ्या होळीपर्यंत पुरतील इतक्या. अंतराचं कार्ड बरोबर द्यायचं, म्हणजे गुजरातच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल.

तीन, बाळंत झालेल्या बाईला न विचारता तांबी बसवायची नाही, ऑपरेशनसाठी दबाव टाकायचा नाही. सगळी साधनं तिच्या बोलीत सांगायची. वसावी असेल तर वसावीत, पावरी असेल तर पावरीत.

चार, गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपये येतात. त्याचा हिशोब ग्रामसभेत वाचायचा, आणि समितीत निम्म्या तरी बाया बोलणाऱ्या बसवायच्या.

हे मागायला आपण नवखे नाही. २००७ साली आरोग्य सेवेवर लोकांनी देखरेख ठेवायचं काम महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झालं, त्यात आपला नंदुरबार होता. जनसुनवाईत अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायांनी डॉक्टरांना प्रश्न विचारले होते. पेसा कायद्यानं तर गावातल्या दवाखान्यावर लक्ष ठेवायचा अधिकारच दिलाय.

ऊसतोडीचा उचल घ्यायला मुकादम फिरायला लागेल त्याच्या आधी हे ठराव तालुक्याला पोचले पाहिजेत. ज्या गावचा ठराव झाला त्यांनी त्याची एक प्रत संघटनेकडे आणून द्या. आपण सगळे मिळून अक्कलकुव्याला नेऊन पोच घेऊ. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही, हे तुम्हाला दाव्यांनी शिकवलंच आहे.

जिंदाबाद!